वणव्याआधीचे काम: बोरीवलीच्या जंगलातील इंधनाचा विचार

वणव्याला ठिणगी, हवा आणि इंधन लागते. हवा आपल्या हाती नाही. ठिणगीवर पहारा ठेवता येतो. पण बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०३ चौरस किलोमीटर जंगलाला मुंबई आणि ठाणे ही दोन शहरे खेटून असताना तो पुरा पडत नाही. उरते इंधन. ते योग्य जागी आणि वेळेवर कमी करणे, हाच वणव्याची धग घटवण्याचा भरवशाचा मार्ग.

१. धग कशावर ठरते?

जॉर्ज बायरम यांनी १९५९ मध्ये मांडलेले सूत्र सोपे आहे: इंधनाची उष्णता, जळणारे वजन आणि आगीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे तीव्रता. सुक्या गवत-पाचोळ्याच्या एका किलोतून सुमारे १८,००० किलोज्यूल उष्णता निघते. समजा, चौरस मीटरला ४०० ग्रॅम जळते आहे आणि आग मिनिटाला ३ मीटर सरकते आहे. तर तीव्रता आघाडीच्या दर मीटरला ३६० किलोवॅट. साध्या हत्यारांनी समोरून आग विझवण्याची मर्यादा साधारण ३५०. जळणारे वजन निम्मे केले, तर वेग तोच धरूनही आकडा १८० वर येतो आणि आग माणसाच्या आवाक्यात राहते. चढावर मात्र दर १० अंशांना वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून टेकडीचा पायथा आधी मोकळा करायचा.

२. इथले इंधन

पाऊस ओसरला की गवत वाळू लागते. पुढे साग, पळस, काटेसावर पाने टाकतात. सागाचे मोठे पान वाळताना मुडपते. अशा पानांच्या थरात हवा खेळती राहते आणि तो भराभर पेटतो. घाणेरीची जाळी ज्वाळेला जमिनीवरून वर चढवते. कारवी आठ वर्षांनी फुलते आणि बी धरून मरते. २०१६ आणि २०२४ च्या फुलोऱ्यांनंतर उतारांवर तिच्या वाळक्या काठ्या उभ्या राहिल्या.

तरीही इथली आग बहुधा जमिनीवरूनच जाते. मोठी झाडे तगतात, रोपे मरतात. मोकळ्या जागेत गवत माजते आणि तेच पुढच्या वर्षी पुन्हा पेटते. हे चक्र तोडणे, हा इंधन-व्यवस्थापनाचा खरा हेतू.

३. उपाय

पहिला, जाळरेषा: पट्ट्यातले गवत कापून, वाळवून, वारा पडलेला असताना माणसांच्या देखरेखीखाली जाळणे. आग उताराच्या वरच्या बाजूने लावली की ती सावकाश खाली येते.

दुसरा, कडेला प्राधान्य. ठिणगी बहुतेकदा माणसाकडून येते, म्हणून रस्ते, पायवाटा, कान्हेरी लेण्यांची वाट आणि वस्त्यांलगतचे पट्टे आधी साफ व्हावेत. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. पण उद्यानाच्या दक्षिणेला, गोरेगाव-दिंडोशीच्या टेकडीवर आग भडकली ती ३ डिसेंबर २०१८ ला. कडेचे गवत तोपर्यंत वाळलेले असते. तेव्हा तिथली कापणी नोव्हेंबरातच उरकायला हवी.

तिसरा, मेलेली कारवी. बोंडे फुटून बी पडल्यावर, आदिवासी पाड्यांजवळच्या आणि वाटांलगतच्या काठ्या काढाव्यात. आदिवासी घरांचे कूड याच काठ्यांचे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३५ नुसार व्यवस्थापनासाठी काढलेले वनोपज स्थानिकांच्या घरगुती गरजेला देता येते, विक्रीला नाही. शिवाय कुठे काय आधी वाळते, हे पाड्यांवरच्या माणसांना ठाऊक असते. नियोजनात त्यांना पहिल्यापासून घ्यावे.

४. मर्यादा

सगळे जंगल झाडून काढणे हा उपाय नव्हे. पाचोळा माती धरतो, पाणी मुरवतो. तुळशी आणि विहार तलावांचे पाणलोट याच जंगलात आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पाँडेरोसा पाइनच्या कोरड्या जंगलांत नैसर्गिक सौम्य आगी दशकानुदशके दडपल्याने इंधन साचले. तिथे विरळणी आणि नियंत्रित जाळणी मोठ्या क्षेत्रावर करावी लागते. इथला रोग उलटा आहे, माणसाने वारंवार लावलेली आग. म्हणून गाभ्यातला पाचोळा राखायचा आणि कडेला इंधनाची सलगता तोडायची. वणव्यासाठी राखलेला पैसा आणि मनुष्यबळ यांचा मोठा वाटा मार्चमधल्या धावपळीऐवजी नोव्हेंबरच्या विळ्याकोयत्यावर खर्च झाला, तर रोपांना वाढायला आगीविना सलग काही वर्षे मिळतील. आणि झाडांची सावली दाटली की गवत आपोआप हटेल.