स्कारबेकची आंबट चेरी

नाताळ जवळ आला की ब्रुसेल्सच्या जुन्या शेअरबाजाराभोवती जत्रा भरते आणि गरम केलेल्या चेरीबिअरचे पेले हातोहात खपतात. गारठलेली बोटं शेकायला ते ठीक आहे, पण साखर आणि दालचिनीत चेरी हरवते. खरी क्रीक, म्हणजे इथली चेरीबिअर, तळघराइतकी गार प्यावी. आधी ओल्या लाकडाचा आणि थोडा गोठ्याचा वास येतो. मग जिभेवर अशी आंबट कळ उठते की डोळे आपोआप मिटतात. घोट उतरल्यावर मागे राहते ती कडवट बदामाची चव. ती चेरीच्या बियांची. फळ बियांसकट पिंपात टाकायचं हा इथला जुना रिवाज, आणि मला विचाराल तर या बिअरची अब्रू त्या बियांनीच राखली आहे.

ही चेरी मूळची ब्रुसेल्समधल्या स्कारबेकची. मी तिथेच राहते. वसंतात आमच्या रस्त्यांवर गुलाबी बहर दिसतो तो शोभेच्या जपानी चेरीचा, खाण्याच्या चेरीचा नव्हे. 19व्या शतकाच्या सुरुवातीला स्कारबेक हे शहराबाहेरचं खेडं होतं. इथले शेतकरी भाजीपाला आणि लहान, गडद, आंबट चेरी गाढवांवर लादून ब्रुसेल्सला नेत. तेव्हापासून स्कारबेककरांना ‘गाढवं’ हे नाव चिकटलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, उलट मिरवलं. इथल्या जोसाफा पार्कात आजही गाढवं पाळलेली आहेत.

चेरी ज्या बिअरमध्ये पडते ती लाम्बिक. बार्लीचं माल्ट, सुमारे एक तृतीयांश माल्ट न केलेला गहू आणि मुद्दाम जुने केलेले हॉप्स. जुन्या हॉप्सचा कडूपणा ओसरतो, पण बिअर टिकवण्याचा गुण राहतो. उकळलेला रस छपराखालच्या उथळ, पसरट टाकीत रात्रभर उघडा ठेवतात. बाहेरच्या हवेतलं यीस्ट स्वतःहून येऊन पडतं, विकतचं कोणी घालत नाही. उन्हाळ्यात हवेतले नको ते जंतू बळावतात, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच चालतं. पुढे सगळं लाकडी पिंपांच्या हवाली. तिथे ‘ब्रेटानोमायसेस ब्रुसेलेन्सिस’ हे यीस्ट सावकाश काम करतं. त्याच्या नावातच हे शहर आहे. पिंपांवरची कोळ्यांची जाळी कोणी झाडत नाही, कारण कोळी फळमाश्यांना खातात.

आता जुलै-ऑगस्टचं चित्र बघा. भट्टी बंद, पिंपांत आंबट बिअर तयार आणि दारात पिकलेली चेरी. क्रीक कुणा एकाची कल्पना असावी असं मला वाटत नाही. ती या वेळापत्रकातून जन्मली असणार. लिटरमागे सुमारे 200 ग्रॅम फळ घालायचं आणि काही महिने मुरू द्यायचं. चेरीतली साखर यीस्ट खाऊन टाकतं, म्हणून अस्सल क्रीक लाल असली तरी गोड नसते.

मग शहर वाढलं. 1835 मध्ये ब्रुसेल्स ते मेखेलेन रेल्वे सुरू झाली, 1867 ते 1871 या काळात शहरातली सेन नदी झाकून वर रुंद रस्ते काढले गेले, आणि स्कारबेकच्या बागांवर घरं उभी राहिली. आज पिंपांत पडणारी चेरी बहुतेक परदेशांतून येते. विसाव्या शतकात गोड पेयांची चटक लागली तशी बऱ्याच क्रीकमध्ये साखर शिरली. जुन्या गिऱ्हाइकांनाही आंबटपणा सोसत नसेच. कॅफेत लाम्बिकबरोबर साखरेचा खडा आणि तो कुटायला ‘स्टुम्पर’ नावाची धातूची दांडी मिळे. पण तिथे साखर किती घालायची ते पिणारा ठरवत होता, कारखाना नाही. आंडरलेख्टमधल्या, 1900 साली सुरू झालेल्या कान्टियों ब्रुअरीने मात्र आंबटपणा सोडला नाही. लोकांनी आत येऊन पाहावं म्हणून 1978 मध्ये तिने चालू भट्टीचंच संग्रहालय केलं.

नाताळात इकडे आलात तर बाटलीवर ‘आउदे क्रीक’ लिहिलं आहे का ते बघा. या नावाला 1997 पासून युरोपियन युनियनचं संरक्षण आहे. नुसतं ‘क्रीक’ असेल तर घटकांची यादी वाचा आणि साखर दिसली तर बाटली परत ठेवा. सोबत केक नको. पावाच्या कापावर ताजं पांढरं चीज, मुळा आणि कांद्याची पात घ्या. इथले लोक लाम्बिकबरोबर तेच खातात.