तल्लफ आणि सोबत

मागच्या खेपेला आपण 'संकल्प' या कल्पनेबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एक श्रोते जवळ आले आणि म्हणाले, "सर, संकल्पाचं एवढं सांगितलंत, पण माझी सिगारेट काही सुटत नाही. त्याचं काय?"

प्रश्न साधा दिसतो, पण फार जुना आहे. सॉक्रेटिसचं म्हणणं असं, की जाणूनबुजून कोणी वाईट निवडत नाही. निवडलं, तर त्याला पुरतं कळलेलंच नव्हतं. ॲरिस्टॉटलला हे पटलं नाही. कळतं पण वळत नाही, अशी माणसं त्याने पाहिली होती. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही हेच विचारतो, की इच्छा नसतानाही माणूस कोणी ओढून नेल्यासारखा चुकीच्या वाटेला का जातो?

आज मात्र आम्ही तत्त्वज्ञान थोडं आणि इतिहास जास्त सांगणार आहोत. कारण या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर पंडितांनी नाही, तर व्यसनात बुडालेल्या माणसांनीच एकत्र बसून शोधलं. त्यात आमची स्वतःची एक चूकही येते. ती शेवटी सांगू.

पहिली गोष्ट ही, की तंबाखू आली तीच मुळी सोबतीने. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली. अकबराचा सरदार असद बेग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरला गेला, तेव्हा त्याने ती तिथे पाहिली आणि बादशहासाठी नळीसकट घेऊन गेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमांनी हरकत घेतली, पण दरबारी मंडळींना चव लागली होती. १६१७ साली जहांगीराने बंदी घातली, तिचा काही उपयोग झाला नाही. फर्मान एका बाजूला आणि 'जरा घेऊन तर बघा' असं म्हणणारा शेजारी दुसऱ्या बाजूला. जिंकणार कोण, हे सांगायला नको.

आपल्याकडे चंची उघडली की ती एकट्यासाठी उघडत नाही. एसटीच्या थांब्यावर अनोळखी माणूस 'चुना आहे का?' किंवा 'काडेपेटी आहे का?' म्हणून विचारतो आणि दोन मिनिटांत ओळख होते. गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलंय, की लहानपणी त्यांना विडीचा नाद लागला तो एका नातलगाच्या संगतीने. आधी थोटकं, मग चोरलेल्या पैशांच्या विड्या. आणि सुटला तोही दोघांचा एकदमच. सांगायचा मुद्दा हा, की जी सवय चारचौघांत लागते, ती सोडताना मात्र आपण माणसाला एकट्याला कोपऱ्यात उभं करतो आणि म्हणतो, 'आता दाखव तुझी इच्छाशक्ती!'

हे चुकतंय, हे प्रथम ठळकपणे दिसलं ते दारूच्या बाबतीत. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात एप्रिल १८४० मध्ये सहा दारुडे एका गुत्त्यात बसले होते. त्या काळात दारूबंदीवर प्रवचनं पुष्कळ व्हायची, पण ती दारुड्याला सुधारण्यासाठी नव्हेत, बाकीच्यांनी त्याच्यासारखं होऊ नये म्हणून. दारुडा म्हणजे हातचा गेलेला माणूस. या सहा जणांनी ठरवलं, की आपणच आपली मंडळी काढू. नाव दिलं जॉर्ज वॉशिंग्टनचं. पद्धत अशी, की प्रत्येकाने आपली कहाणी सांगायची आणि पुढच्या वेळी आणखी एक पिणारा सोबत आणायचा. उपदेश करायचा नाही. चळवळ वणव्यासारखी पसरली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्डमध्ये एका तरुण वकिलाने या मंडळींसमोर भाषण केलं. त्याचं म्हणणं होतं, की धर्मोपदेशक आणि वकील यांच्यापेक्षा स्वतः त्यातून बाहेर आलेला माणूस जास्त ऐकला जातो. त्या वकिलाचं नाव अब्राहम लिंकन.

काही वर्षांतच ही चळवळ विरली. बाहेरचे वाद आणि राजकारण आत शिरलं. पण बीज राहिलं. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी ॲक्रन शहरात आला होता. दारू सोडून थोडेच महिने झाले होते. कामात अपयश आलं आणि हॉटेलात उभ्या उभ्या तल्लफ आली. समोरच बार. त्याने काय केलं, तर फोन उचलला आणि या गावात माझ्यासारखा दारूने गांजलेला कोणी आहे का, याचा शोध घेतला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची भेट झाली आणि पुढे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. इथे एक गोष्ट नीट पाहा. विल्सन डॉक्टरांना वाचवायला गेला नव्हता. स्वतःचा तोल जाऊ नये म्हणून गेला होता. मदत देणारा आणि घेणारा इथे वेगळा उरतच नाही.

आणि आता इतिहासाचा चटका बघा. या संस्थेच्या बैठका वर्षानुवर्षं सिगारेटच्या धुरात भरत. दारूच्या विळख्यातून असंख्य माणसांना ज्याने वाट दाखवली तो बिल विल्सन जानेवारी १९७१ मध्ये गेला, तो फुफ्फुसाच्या विकाराने. सिगारेटने. सोबत तर होती, पण त्या सोबतीने सिगारेटला व्यसन मानलंच नव्हतं.

मानायला वेळ लागला. १९५० साली डॉल आणि हिल यांनी ब्रिटनमध्ये धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला, ११ जानेवारी १९६४ ला अमेरिकेच्या सर्जन जनरलचा. माहिती मिळाली, सॉक्रेटिसच्या हिशेबाने काम व्हायला हवं होतं. अनेकांनी सोडलीही, पण कितीतरी जण अहवाल वाचता वाचता ओढत राहिले.

मग पुन्हा सामान्य माणसांनी युक्ती काढली. मॅसॅच्युसेट्समधल्या रँडॉल्फ गावात १९७० साली आर्थर मलेनी या शाळेतल्या समुपदेशकांनी लोकांना विनंती केली, की एक दिवस सिगारेट घेऊ नका आणि वाचलेले पैसे मुलांच्या शिष्यवृत्तीला द्या. १९७४ मध्ये मिनेसोटातल्या मॉन्टिसेलो या छोट्या गावच्या वर्तमानपत्राचे संपादक लिन स्मिथ यांनी तसाच दिवस पाळायला लावला. १९७६ ला कॅलिफोर्नियाने तो उचलला आणि १९७७ पासून तो देशभर पाळला जाऊ लागला. एका दिवसाने व्यसन सुटतं का? बहुतेकांचं नाही. पण त्या दिवशी चहाच्या टेबलावर कोणी सिगारेट पुढे करत नाही. आपल्याबरोबर शेजारीही तळमळतोय, हे दिसतं. हेही पुष्कळ झालं.

तल्लफेचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. मग मागणी सुरू. पण तल्लफेची एकेक लाट सहसा काही मिनिटांचीच असते. पहिला आठवडा सर्वांत कठीण, पुढे तीन-चार आठवड्यांत जोर ओसरत जातो. म्हणजे लढाई जन्मभराची वाटते, पण प्रत्यक्षात ती पाच-पाच मिनिटांची असते. आणि पाच मिनिटं सोबत देणं कोणालाही जमतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या नोंदींवरून ख्रिस्ताकिस आणि फाउलर यांनी १९७१ ते २००३ या काळातल्या १२,०६७ माणसांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. माणसं सिगारेट सोडतात ती घोळक्या-घोळक्याने, असं त्यात दिसलं. जोडीदाराने सोडली, तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली. मित्राने सोडली, तर ३६ टक्क्यांनी.

आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंचा त्याला मोठा हातभार लागला. तिथेही व्यसनातून बाहेर आलेलीच माणसं पुढे इतरांचा हात धरतात. बाल्टिमोरच्या गुत्त्यातली तीच गोष्ट.

आता आमची चूक. त्याच सुमाराला आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आम्ही चौघांनी मिळून सिगारेट सोडली. तल्लफ आली, की दुसऱ्याला गाठायचं, मैदानाला एक फेरी मारायची, पाणी प्यायचं. छान चाललं होतं. पाचव्या आठवड्यात आमच्यातले एक सहकारी घसरले. घरी कसला तरी ताण होता. आम्ही तो विचारलाही नाही. उलट त्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यात आम्ही सर्वांत पुढे होतो. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, जीभ धारदार! दुसऱ्या दिवसापासून ते फेरीला आले नाहीत. आम्ही तिघे सुटलो. ते ओढत राहिले आणि निवृत्तीच्या आधीच दम्यासारख्या विकाराने गेले. टिंगल केली नसती, तर सुटली असती का, हे सांगता येत नाही. पण ज्या दिवशी त्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवशी आमची सोबत न्यायालय झाली, एवढं मात्र खरं.

म्हणून त्या श्रोत्यांना आमचं उत्तर एवढंच आहे. इच्छाशक्ती हवीच, पण ती एकट्याच्या मुठीत मावत नाही. एक माणूस शोधा, ज्याला रात्री अकरालाही फोन करता येईल. तसं कोणी नसेल, तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. आणि तुम्ही स्वतः सोडलेली असेल, तर घसरलेल्याला फक्त 'चला, फेरीला' एवढं म्हणा. बाकी काही बोलू नका.