वरच्या अंगाची विहीर

पाण्याची परीक्षा गावाला नवी नव्हती. तुरीची डाळ शिजेना की आई म्हणायची, पाणी जड झालंय. साबणाला फेस येईना तरी तोच निकाल. 1972 च्या दुष्काळात राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली, पुढं गावोगाव हापसे आले. पण तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच, पाणी आहे का? ते कसं आहे, हे विचारायची पाळी ऊस आल्यावर आली.

शिवाराला लागून असलेल्या कारखान्यानं अल्कोहोल काढायला सुरुवात केली. लिटरभर अल्कोहोलमागं दहा-बारा लिटर काळंतांबडं, आंबूस सांडपाणी निघतं. गाव त्याला मळीच म्हणतं. खरी मळी म्हणजे ज्यापासून अल्कोहोल काढतात ती, पण असो. ते पाणी कच्च्या खड्ड्यांत साठायचं आणि मुरायचं. दोन-तीन वर्षांत खालच्या विहिरींचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. जनावरं तोंड लावीनात.

अर्जांवर अर्ज झाले, तेव्हा नमुने न्यायला माणसं आली. त्यांतले केमिस्टसाहेब मोठे चिकट. मोटर बराच वेळ चालू ठेवायला लावली, कारण नळीत साचलेलं शिळं पाणी नको. कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळला. जंतू तपासायची बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली. ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची.

मग त्यांनी विचारलं, "कारखान्याच्या वरच्या अंगाला विहीर कुणाची?"

लोक चिडले. "सायेब, तिचं पाणी गोड हाय. ते कशापायी नेताय?"

"म्हणूनच नेतोय."

कारखान्याचं म्हणणं होतं, इथली जमीनच खारी, त्यात तुम्ही उसाला पाणी सोडता बेसुमार. यातलं दुसरं अगदीच खोटं नव्हतं. पण वरही ऊसच होता. खालच्या पाण्यात विरघळलेले क्षार आणि क्लोराइड वरच्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले, तेव्हा त्या बोलण्यातली हवा गेली. खड्ड्याजवळची एक विहीर मात्र चांगली निघाली आणि चार शेतं पलीकडची नासलेली. काळ्या पाषाणात पाणी भेगांनी जातं, बांध बघून जात नाही.

खड्ड्यांना अस्तर झालं, पण विहिरी काही लगेच निवळल्या नाहीत. प्यायला वरच्या विहिरीवरनं पाइप आला. तिचा नमुना पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा अजून जातो.