पुण्यात नंबर लागेल का?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या शिरूरच्या मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. दौंडला रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीतही तेच. आणि त्याच संध्याकाळी, मगरिबची नमाज आटोपून माणसे दारात येऊन बसली की प्रश्न निघतो, ''पुण्यात नंबर लागेल का?'' फर्ग्युसनला, स. प.ला, इंजिनिअरिंग कॉलेजला, बी. जे. मेडिकलला. उत्तर देणारे पुष्कळ असतात. कुणी म्हणतो, ''ऐंशीच्या वर आहेत ना, मग लागेल.'' कुणी म्हणतो, ''आपल्या लोकांचा तिथे कुठे लागतो?'' दोन्ही उत्तरे अंदाजपंचे. आणि बहुधा दुसरेच उत्तर घरात टिकते. अब्बा मान डोलवतात, मुलगा गावातल्याच कॉलेजचा अर्ज आणतो आणि विषय संपतो.

हा प्रश्न काही आजचा नाही. त्याचे उत्तर काढण्याची रीत मात्र गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली. प्रत्येक वेळी ती बदलल्याचे आमच्यापर्यंत उशिरा पोहोचले. त्या उशिराची किंमत आमच्या मुलांनी दिली, असे आम्हाला वाटते.

आधी आमच्या गावांविषयी. शिरूर म्हणजे जुन्या कागदांतली घोडनदी. इंग्रजांची छावणी येथे होती आणि पुना हॉर्स या घोडदळाची सुरुवात येथलीच. नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. दौंड म्हणजे इंग्रजांचे धोंड. १८५८ मध्ये मुंबईची रेल्वे पुण्याला पोहोचली, पुढे पूर्वेकडे सरकली आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा निघाल्यावर दौंड जंक्शन झाले. घोडदळ, रेल्वे आणि आठवडे बाजार यांच्या आधाराने येथे मुसलमानांची घरे वाढली. मुलाणी, तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, मण्यार, शेख, सय्यद, पठाण. दोन्ही गावांपासून पुणे ७०-७५ किलोमीटर. एस.टी.ने किंवा पॅसेंजरने सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी घरी यावा एवढेच अंतर. तरी कॉलेजचे पुणे आमच्या घरांपासून कितीतरी लांब राहिले.

पुण्यात शिक्षणाची दारे लवकर उघडली होती. सरकारी इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ चा, बी. जे. मेडिकल स्कूल १८७८ चे, फर्ग्युसन १८८५ चे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या थोड्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते. त्या काळी हिशोब सोपा होता. मॅट्रिक झालेला मुलगा कॉलेजात जाई. खरी गाळणी मॅट्रिकच्या आधीच लागलेली असे. घरी दखनी बोलायची, मशिदीत अरबी वाचायची, शाळेत मराठी आणि मग इंग्रजी; शिवाय हायस्कूल गावात नाही. हंटर आयोगाने १८८२ मध्ये मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार केला आणि शिष्यवृत्त्या द्याव्यात, उत्तेजन द्यावे अशा शिफारशी केल्या. म्हणजे मागे पडण्याची नोंद तेव्हाच सरकारदरबारी झाली होती.

त्यावर इलाज करणारेही होते. मुंबईत १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम निघाली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९०६ मध्ये मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढले. महाराजांनी एक गोष्ट ओळखली होती. खेड्यातल्या मुलाला प्रवेश देऊन भागत नाही, शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवणही द्यावे लागते. शिरूर-दौंडच्या मुलाला कोल्हापूर लांब आणि पुण्यात नातेवाईक असला तरच सोय. तेव्हा आमच्या भागात पुण्याला नंबर लागणे याचा एक अर्थ पुण्यात मामा असणे असाही होता.

स्वातंत्र्यानंतर हिशोब बदलला. १९४९ मध्ये विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली आणि त्याच साली पुणे विद्यापीठ सुरू झाले. १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज उघडल्याने शिरूरच्या मुलाला पुण्याइतकाच नगरचा रस्ता मोकळा झाला. पुढे शिरूरला सी. टी. बोरा आणि दौंडला के. जी. कटारिया ही महाविद्यालये झाली. त्यांचे उपकार मोठे आहेत. आमच्या मुली पदवीधर झाल्या त्या प्रामुख्याने या गावच्या कॉलेजांमुळे. त्या दिवसांत मोठ्या कॉलेजांतही गुणपत्रिका, मुख्याध्यापकांची चिठ्ठी आणि प्राचार्यांची भेट यांवर पुष्कळ ठरत असे. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, १९७७ मध्ये बारावीची. दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि चिठ्ठीची जागा टक्क्यांनी घेतली. गरिबाच्या मुलासाठी हे चांगलेच झाले. पण टक्क्यांबरोबर आणखी दोन गोष्टी हिशोबात आल्या आणि त्या आमच्या घरांत कुणी समजावून सांगितल्या नाहीत. एक प्रदेश आणि दुसरी कागद.

प्रदेशाची गोष्ट अशी. राज्यातल्या वैद्यकीय कॉलेजांत त्या-त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांनाच घेण्याची पद्धत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ती रद्द केली; मात्र सगळ्या भागांत संधी सारखी नसल्याने सत्तर टक्क्यांपर्यंत जागा प्रदेशासाठी ठेवता येतील, असेही म्हटले. पुढे सत्तर-तीसचे सूत्र वर्षानुवर्षे चालले. २०२० मध्ये ते वैद्यकीय प्रवेशातून काढून टाकले गेले. म्हणजे एकाच घरातला थोरला भाऊ एका हिशोबात बसलेला आणि धाकटी बहीण दुसऱ्या. थोरल्याच्या अनुभवावरून धाकटीचा अंदाज बांधला तर तो चुकणारच.

कागदाची गोष्ट अधिक बोचणारी आहे. मंडल आयोगाची अंमलबजावणी १९९० मध्ये जाहीर झाली आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले आणि डिसेंबर १९९४ मध्ये राज्य सरकारने मुसलमानांतल्या मागास जातींना ओबीसींच्या सवलती देण्याचा निर्णय काढला. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मण्यार अशा घरांतल्या मुलांना १९ टक्के जागांचे दार उघडले. पण दाराशी उभे राहिल्यावर दाखला मागितला जाई. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत जातीच्या रकान्यात गुरुजींनी बहुतेक ठिकाणी एकच शब्द लिहून ठेवलेला, 'मुसलमान'.

आमच्याच नात्यातली एक मुलगी दौंडची. वडील रेल्वेत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बारावीला तिला असे गुण पडले की ओबीसीच्या यादीत पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात तिचा नंबर सहज लागला असता. घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजण्याचा धंदा. आजोबांची धनुकली अजून माळ्यावर आहे. पण दाखल्यावर 'मुसलमान'. आम्ही तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. धनुकली काही पुरावा होत नाही. शेवटी आजीच्या सांगण्यावरून आजोबांच्या चुलत भावाचे नाव एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या जुन्या रजिस्टरात सापडले. तिथे कुण्या गुरुजींनी 'मुसलमान पिंजारी' असे पूर्ण लिहिले होते. त्या एका शब्दावर दाखला मिळाला, पण तोवर शेवटची फेरी होऊन गेली होती. पोरीने गावातच पदवी घेतली. ती आज नोकरी करते, सुखी आहे. तरीही कुणाच्या प्रवेशाचा विषय निघाला की ती उठून आत जाते. तिचे गुण कमी नव्हते. आम्ही जूनमध्ये जे शोधत होतो ते तिच्या आठवीत शोधायला हवे होते.

दरम्यान तिसरी गोष्ट आली, पैसा. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग व मेडिकल कॉलेजे निघाली. देणग्यांविरुद्ध १९८७ मध्ये कायदा झाला. जागा कुणी आणि कशा भरायच्या यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे वाद चालले. त्यांतला महत्त्वाचा निकाल पुण्याचे शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखला जातो. ऑगस्ट २००५ मध्ये सात न्यायाधीशांनी सांगितले, की विनाअनुदानित खाजगी संस्थांवर, मग त्या अल्पसंख्याकांच्या असोत वा नसोत, सरकारला आपला कोटा लादता येणार नाही. मात्र प्रवेश गुणवत्तेवर आणि पारदर्शक हवा, नफेखोरी चालणार नाही. त्यानंतर ९३ वी घटनादुरुस्ती झाली. तिने खाजगी संस्थांत आरक्षणाची वाट मोकळी केली आणि अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. आमच्या समाजातल्या माणसाच्या नावाचा निकाल देशभर कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. अल्पसंख्याक संस्थेत आपल्या मुलांसाठी जागा असतात आणि त्यांचा अर्ज वेगळ्या रकान्यात भरावा लागतो, हे मात्र शिरूरच्या कितीतरी पालकांना आजही ठाऊक नसते.

नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. देशाच्या लोकसंख्येत आपण १३.४ टक्के, पण नामांकित कॉलेजांत पदवीला २५ मुलांमागे एक आणि पदव्युत्तरला ५० मुलांमागे एक मुसलमान, असे त्यात आहे. हा आकडा वाचून आम्ही अनेक परिसंवादांत हळहळलो. जुलै २०१४ मध्ये महाराष्ट्रात मुसलमानांसाठी पाच टक्क्यांचा वटहुकूम निघाला. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतले आरक्षण थांबवले, सरकारी शिक्षणसंस्थांतले थांबवले नाही. पण वटहुकुमाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. अन्याय झाला असे आम्ही म्हणतो आणि ते म्हणायलाच हवे. पण त्याच वर्षी ओबीसीचा दाखला असूनही नॉन-क्रिमीलेअर वेळेत न काढल्याने आमच्या किती मुलांनी खुल्या जागेसाठी अर्ज भरला, हा प्रश्न परिसंवादात कुणी विचारला नाही.

आता आजचा हिशोब. तो अवघड आहे, पण गुप्त नाही. ज्याला आपण कटऑफ म्हणतो ती उत्तीर्ण होण्याची रेषा नव्हे. गेल्या वर्षी त्या कॉलेजात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात, त्या फेरीत ज्या शेवटच्या मुलाला प्रवेश मिळाला त्याचे ते गुण. म्हणून एका कॉलेजला एक कटऑफ नसतो; प्रवर्गागणिक आणि फेरीगणिक तो वेगळा असतो. मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की मूल कुठे उभे आहे ते दिसते. सी.ई.टी.त ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरातली सुमारे नव्वद मुले मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ. २०१६ पासून वैद्यकीयला नीट आहे. तिथे बारावीचे टक्के फक्त पात्रतेपुरते. शेख, सय्यद, पठाण अशा घरांतली जी मुले कोणत्याच आरक्षित यादीत नाहीत, त्यांना २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाच्या दहा टक्के जागा आहेत. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या या घटकातल्या आणि ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४ पासून माफ आहे.

आणि २०२५ पासून अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश साऱ्या राज्याला लागू झाले. पूर्वी ते पुणे, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरांपुरते होते. आता शिरूर-दौंडची मुलगीही त्याच अर्जात दहा पसंतीक्रम भरते. पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. म्हणून वर काय लिहायचे आणि खाली काय, हे घरात बसून ठरवायचे असते. सायबर कॅफेवाल्याने ठरवायचे नसते. आवडीची, अवघड वाटणारी दोन-तीन कॉलेजे वर, गुणांना साजेशी मध्ये आणि नक्की मिळणारे गावचे कॉलेज शेवटी, एवढे केले तरी पुष्कळ. वर अवघड नाव लिहिल्याने खालची जागा जात नाही. ''आपला कुठे लागतो'' म्हणून ते नाव न लिहिणे मात्र आपल्याच हाताने नंबर खोडणे आहे.

आमच्या वडीलधाऱ्यांना हा हिशोब कुणी शिकवला नाही. गावात मॅट्रिक झालेलेच मोजके, त्यांनी तरी काय सांगावे? आता ती स्थिती नाही. प्रत्येक मोहल्ल्यात पदवीधर आहेत, शिक्षिका आहेत. दरवर्षी निकालाआधी, मे महिन्यात, दोन जुम्मे तरी नमाजनंतर त्यांनी बसावे, मुलींसाठी कुणाच्या घरी बसावे. आठवीतल्या मुलांचे दाखले तपासावेत. जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहावे. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर आजच शोधायला पाठवावे. खर्च काही नाही. आमच्या त्या मुलीला परवा हे सांगितले. ती या वेळी उठून आत गेली नाही. तिने विचारले, ''दौंडला कुणाच्या घरी बसायचं? आमच्याकडे बसा.''