पैशाची : कथावाङ्‌मयातील कल्पित भाषा व तिचे संशोधन

प्राकृत वैयाकरणांनी वर्णिलेली, परंतु जिच्यातील एकही संपूर्ण ग्रंथ उपलब्ध नाही अशी एक प्राकृत भाषा. ‘भूतभाषा’ हे तिचे दुसरे नाव. गुणाढ्याची बृहत्कथा या भाषेत होती, असे परंपरा मानते. अद्‌भुत कथेसाठी वापरली गेलेली आणि अद्‌भुत योनींच्या तोंडी घातलेली ही भाषा खरोखर कोणाची बोली होती, की कथाकार व वैयाकरण यांनी घडविलेली होती, हा भारतीय भाषाविद्येतील एक दीर्घकाळ चर्चिला गेलेला प्रश्न होय. या प्रश्नाचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. कारण मूळ कथेची पार्श्वभूमी प्रतिष्ठान (पैठण) येथील सातवाहन राजसभेची आहे.

सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या कथासरित्सागरात गुणाढ्याची कथा आली आहे. जलक्रीडेच्या वेळी राणीने ‘पाणी उडवू नका’ अशा अर्थाचे संस्कृत वाक्य उच्चारले. त्यातील संधी न उमगल्यामुळे सातवाहन राजाने मोदक आणविले व त्याचे हसे झाले. लज्जित झालेल्या राजाला व्याकरण शिकविण्यासाठी गुणाढ्याने सहा वर्षांची मुदत मागितली. शर्ववर्म्याने मात्र सहा महिन्यांची प्रतिज्ञा केली. शर्ववर्मा यशस्वी झाल्यास संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याग करण्याचा पण गुणाढ्याने केला होता. तो हरला आणि मौन धरून विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचांची भाषा त्याने आत्मसात केली, काणभूतीकडून कथा ऐकल्या आणि शाईच्या अभावी स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिले. राजाने ग्रंथ नाकारल्यावर अरण्यातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत त्याने एकेक पान अग्नीत टाकले. सहा लक्ष श्लोक जळाले; नरवाहनदत्ताच्या कथेचा एक लक्षाचा भाग तेवढा वाचला.

ही दंतकथा इतिहास नव्हे. तथापि ती एक भाषिक व्यवस्था गृहीत धरते. सुशिक्षित माणसाला उपलब्ध असलेल्या तीन भाषा संपल्यावर उरते ती चौथी, माणसांच्या जगाबाहेरची. दंडीनेही काव्यादर्शात बृहत्कथा भूतभाषेतील असल्याचे नमूद केले आहे.

भाषेचे स्वरूप मुख्यतः वररुचीच्या प्राकृतप्रकाशावरून व हेमचंद्राच्या (१०८८–११७२) व्याकरणावरून कळते. शब्दाच्या मध्यभागी येणारी मृदू व्यंजने पैशाचीत कठोर होतात. वररुचीच्या उदाहरणांत ‘गगन’चे ‘गकन’, ‘मेघ’चे ‘मेख’ व ‘राजा’चे ‘राचा’ होते. हेमचंद्र ‘मदन’बद्दल ‘मतन’, ‘गुण’बद्दल ‘गुन’, ‘प्रज्ञा’बद्दल ‘पञ्ञा’ आणि ‘हृदय’बद्दल ‘हितपक’ ही रूपे देतो. सातवाहनांशीच संबंध जोडला जाणाऱ्या हालाच्या गाथासप्तशतीची भाषा माहाराष्ट्री होय. तिच्याशी तुलना केली असता एक गोष्ट चटकन लक्षात येते. माहाराष्ट्रीत मधली व्यंजने गळतात (‘मदन’चे ‘मअण’) व ‘न’चा ‘ण’ होतो. पैशाचीत व्यंजने टिकून कठोर होतात व ‘ण’चा ‘न’ होतो. जणू एकीच्या नियमांची उलट बाजू म्हणजे दुसरी. ही नियमबद्धता कृत्रिमतेकडे बोट दाखविते. उलटपक्षी ‘ञ्ञ’ व दंत्य ‘न’ ही लक्षणे पालीतही आढळतात. त्यामुळे पैशाचीच्या मुळाशी एखादी जुनी बोली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

पैशाचीतील एकही शिलालेख सापडलेला नाही. तरीही आधुनिक संशोधकांनी प्रथम तिचा प्रदेश शोधण्याचा प्रयत्न केला. हर्न्ले यांनी १८८० मध्ये ती द्राविड लोकांच्या तोंडची आर्य भाषा मानली. ग्रीअर्सन यांनी १९०६ मध्ये वायव्य सीमेवरील दरद भाषांशी तिचा संबंध जोडला, तर स्टेन कोनो यांनी १९१० मध्ये तिचे स्थान विंध्य परिसरात दाखविले. मध्ययुगीन वैयाकरणांतही एकवाक्यता नव्हती. लक्ष्मीधराच्या षड्‌भाषाचंद्रिकेतील पिशाच देशांच्या यादीत पांड्य, केकय, बाह्‌लीक, सह्य, नेपाळ व कुंतल अशी परस्परांपासून फार दूरची नावे एकत्र आली आहेत. अशा यादीवरून नकाशा काढता येत नाही.

फेलिक्स लाकोत यांनी १९०८ मध्ये गुणाढ्य व बृहत्कथा यांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. नेपाळात मिळालेला बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह त्यांनी अभ्यासिला आणि काश्मिरी रूपांतरांहून मूळ कथा बरीच वेगळी असावी, असे दाखवून दिले. १९३५ मध्ये लुडविग आल्सडोर्फ यांनी संघदासगणीचा वसुदेवहिंडी हा प्राकृत ग्रंथ बृहत्कथेचेच जैन रूपांतर असल्याचे निदर्शनास आणले. मूळ ग्रंथ हरवला असला, तरी त्याचा कथाभाग अशा रीतीने पुष्कळसा हाती लागला. भाषा मात्र लागली नाही.

या बाबतीत आ. ने. उपाध्ये (१९०६–७५) यांचे कार्य महत्त्वाचे आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील या प्राकृत पंडितांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकात (१९३९–४०) पैशाची भाषा व वाङ्‌मय यांविषयीची माहिती एकत्र केली. पुढे त्यांनी उद्योतनसूरीच्या कुवलयमाला (७७९) या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथात पिशाचांच्या संभाषणाचा पैशाचीतील एक गद्य उतारा आहे. आल्फ्रेड मास्टर (१९४८) व क्यूपर (१९५७) यांनी त्याचा भाषिक अभ्यास केला. याच ग्रंथात बाजारात जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या व्यापाऱ्यांची बोली टिपली असून मऱ्हाट्यांच्या तोंडचे त्यातील शब्द मराठीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून नेहमी उद्‌धृत केले जातात. व्यापाऱ्यांची बोली लेखकाने कानांनी ऐकली असेल. पिशाचांची भाषा त्याला वाङ्‌मयीन परंपरेतूनच मिळाली असणार. एकाच लेखणीतून उतरलेले हे दोन नमुने पुराव्याच्या दृष्टीने समान मोलाचे नाहीत.

विसाव्या शतकातील इंग्रज भाषाशास्त्रज्ञ व कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) याने आपल्या अद्‌भुत कथांसाठी क्वेन्या व सिंदारिन या भाषा रचल्या. त्यांच्या अभ्यासाला वाहिलेली नियतकालिकेही निघाली. त्या भाषांचा कर्ता ज्ञात आहे आणि त्याची टिपणे उपलब्ध आहेत. त्यामुळे त्या कोठे बोलल्या जात, असे कोणी विचारीत नाही. त्या कशा रचल्या, हे विचारले जाते. पैशाचीचा कर्ता अज्ञात असल्याने पहिला प्रश्नच दीर्घकाळ पुढे राहिला. अलीकडील संशोधनात, उदा., अँड्रू ऑलेट यांच्या २०१४ मधील लेखात, पैशाचीविषयीच्या दंतकथा व वैयाकरणांनी तिला दिलेले स्थान हाच अभ्यासाचा विषय झाला आहे.

पैशाची पूर्णतः कल्पित होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. एखाद्या बोलीचे अवशेष कथाकारांनी उचलले व वैयाकरणांनी नियमांत बसविले, असेही घडले असेल. मात्र उपलब्ध नमुने हे वाङ्‌मयाचे आहेत, लोकव्यवहाराचे नव्हेत. मूळ बृहत्कथेचे हस्तलिखित हाती येत नाही तोवर पैशाचीवरून एखाद्या प्रदेशाचा किंवा जमातीचा इतिहास सांगताना ही मर्यादा पाळणे आवश्यक ठरते.