किल्ल्यातलं न पाठवलेलं पत्र

केडगावहून नगरचा किल्ला काही फार लांब नाही. पंडित नेहरूंनी १९४४ साली तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधली बहुतेक पत्रंही लिहिली गेली. 'दुसऱ्याशी बोलण्याआधी स्वतःला ओळखणं' हा आजचा विषय आपण त्यातल्या एका पत्राच्या आधारानं समजून घेऊ.

९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले गेले आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना नगरला आणलं. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. किल्ल्यातून ते आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहीत. पण ती धाडता येत नव्हती. ती जवळच राहिली आणि १९४६ साली पुस्तकरूपानं छापली गेली.

१९४३ मध्ये कलकत्त्याहून बातमी आली, पत्नी झुलेखा बेगम फार आजारी आहेत. तुरुंगाधिकारी म्हणाला, सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच पाठवतो. आझादांनी नकार दिला. इंग्रजांपुढे हात पसरायचा नाही, ही भूमिका आपल्याला कळते. पण पुढचं बघा. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याची पावलं वाजली की काळीज धडधडायचं. चेहऱ्यावर मात्र काही दिसू द्यायचं नाही. रोजचा क्रम तसाच. ९ एप्रिल १९४३ ला बेगम गेल्या.

दोनच दिवसांनी लिहिलेल्या पत्रात आझाद स्वतःच सांगतात, की ती शांतता वरवरची होती. मनातल्या ताठ्यानं वठवलेलं ते सोंग होतं. आणखी एक आठवण त्यात आहे. १९१६ मध्ये त्यांच्यावर पहिल्यांदा सरकारी कारवाई झाली, तेव्हा बेगमना मनाची घालमेल आवरली नव्हती आणि आझाद नाराज झाले होते. त्यानंतर त्या बदलल्या, खंबीर राहिल्या. ३ ऑगस्ट १९४२ ला, शेवटच्या भेटीत, दारापर्यंत आल्या आणि 'खुदा हाफिज' एवढंच म्हणाल्या.

आता विचार करा. १९१२ साली 'अल-हिलाल' काढून वाचकांना हलवून सोडणाऱ्या या माणसाकडे शब्दांची का वाण होती? नाही. आपल्याला वाटतं, अडचण शब्दांच्या आधीची होती. स्वतःची भीती त्यांनी स्वतःपासूनच दडवली. मग समोरच्यालाही ती बोलायची सोय उरली नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांत दोघंही न बोलण्यात तरबेज झाले.

आपल्याकडेही 'घरात काही बोलत नाहीत, पण मनानं चांगले आहेत' असं कौतुकानं म्हणतात. संवाद सुधारायचा तर आवाज, हावभाव यांच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारू या : आत्ता मी गप्प आहे तो खरंच शांत आहे म्हणून, की घाबरलोय हे दिसू नये म्हणून? आझादांनी त्याचं खरं उत्तर लिहून ठेवलं. ते ऐकायला हवं होतं ते माणूस मात्र तेव्हा राहिलं नव्हतं. आपली माणसं अजून घरी आहेत.