सातवा भाग संपल्यावर : कुमारवाचक आणि मराठीतलं अद्भुत

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत पोरांच्या जादूच्या पुस्तकांचं काय काम? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देतो.

आम्ही एका ग्रंथालयाच्या बालविभागात काम करणारी मंडळी. महिन्यातून दोन-तीनदा तरी एक आई किंवा एक बाबा टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "मुलगा चौदाचा आहे. हॅरी पॉटरचे सातही भाग वाचून झाले, दोनदा झाले. आता तसलंच नवीन काहीतरी द्या ना." मूल मागे उभं असतं, मोबाइलकडे बघत. आम्ही कपाटाकडे वळतो. डावीकडे परीकथा, उजवीकडे ऐतिहासिक कादंबऱ्या आणि थोरांची चरित्रं. मधला कप्पा जवळजवळ रिकामा.

एकदा असंच एका मुलीच्या हातात आम्ही एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी ठेवली. तलवारी आहेत, घोडे आहेत, आवडेल, असं वाटलं. आठवड्याने आईच एकटी पुस्तक परत करायला आली. मुलगी पुन्हा आली नाही. ती वाचत नाही असं नव्हे. ती इंग्रजीत वाचते, असं आई म्हणाली. चूक आमची होती, पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. हा मधला कप्पा रिकामा का? मराठीत अद्भुत नव्हतंच का? की होतं आणि कुठे गेलं? हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

तर मुळापासून सुरुवात करू. मराठीत छपाई सुरू झाली त्या काळातलं अगदी आरंभीचं एक पुस्तक म्हणजे 'सिंहासनबत्तिशी'. 1814 साली बंगालमध्ये, श्रीरामपूरच्या छापखान्यात, मोडी लिपीत ते छापलं गेलं. वैजनाथ शर्मा नावाच्या पंडितांनी ते तयार केलं. भोजराजा सिंहासनावर बसायला जातो आणि बत्तीस पुतळ्या एकेक करून त्याला अडवतात, गोष्ट सांगतात. शुद्ध अद्भुत!

आता हे पुस्तक कोणासाठी छापलं, ते बघा. कोलकात्याला 1800 साली फोर्ट विल्यम कॉलेज निघालं होतं. कंपनीच्या नोकरीत येणाऱ्या इंग्रज पोरांना इथल्या भाषा शिकवायच्या, हा त्याचा हेतू. विल्यम कॅरी तिथे मराठी शिकवत. ही पोरं साधारण सोळा ते वीस वयाची. म्हणजे छापील मराठीतल्या पहिल्या अद्भुतकथेचे पहिले ठरलेले वाचक कोण, तर परदेशातून आलेले, घरापासून तुटलेले, परीक्षेला बसणारे किशोर! त्यांच्या हातात द्यायला बोलक्या पुतळ्यांची गोष्ट योग्य वाटली, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. नवी भाषा शिकवायची तर वाचणाऱ्याला पान उलटावंसं वाटलं पाहिजे, एवढं त्या शिक्षकांना कळत होतं.

पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 मध्ये 'बाळमित्र' आणि 'इसापनीती' दिली, 1830 मध्ये 'वेताळपंचविशी'. छत्र्यांना मराठी गद्याचे एक आद्य लेखक मानतात. एकाच माणसाने बोधकथा आणि वेताळ दोन्ही लिहिले आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही.

आता 1861 कडे येऊ. कृष्णशास्त्री चिपळूणकर म्हणजे त्या काळचे गाढे विद्वान. संस्कृत पंडित, सॉक्रेटिसाचं चरित्र लिहिणारे, शास्त्रीय विषयांवर पुस्तक देणारे. या माणसाने 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. नाव अरबी असलं तरी त्यांनी त्या इंग्रजीवरून आणल्या. कामाला काही वर्षं लागली आणि ते पुरं करायला त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री, निबंधमालाकार, यांचाही हात लागला. शहारजादीच्या गोष्टी सांगणं आपल्या पांडित्याला कमीपणा आणतं, असं या घराला वाटलं नाही. त्याच 1861 साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि पुढे 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. मराठी कादंबरीचा तो काळ 'अद्भुतरम्य' म्हणूनच ओळखला जातो.

मग वळण येतं. 1885 साली हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' सुरू झाली. त्यानंतर 'पण लक्षांत कोण घेतो?' आली. घरातलं दुःख, बायकांची परवड, आपल्या डोळ्यांसमोरचा समाज. मराठी कादंबरी मोठी झाली, हे खरंच आहे, आणि हरिभाऊंचं ऋण कोणी नाकारू नये. पण त्या मोठेपणाबरोबर एक समज रुजली. वास्तव म्हणजे प्रौढ आणि अद्भुत म्हणजे पोरकट. टीकाकारांनी मुक्तामाला-मंजुघोषांना हसायला सुरुवात केली, आणि हसणं सोपंही होतं.

मग अद्भुत गेलं कुठे? ते खाली सरकलं, मुलांकडे. 1881 मध्ये विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' मासिक निघालं होतं. 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं 'आनंद' आलं. ही मासिकं मुलांवर प्रेम करणाऱ्या माणसांनी चालवली. पण आता वाटणी पक्की झाली. लहान मुलांना राक्षस आणि पऱ्या, मोठ्यांना संसार आणि समाज. बारा ते सोळा वयाचं मूल यात कुठेच बसेना. परीकथा त्याला लहान होते, संसार त्याला अजून मोठा असतो. 'बालकुमार साहित्य' हा आपला शब्दच बघा. उच्चारताना सगळा जोर 'बाल'वर पडतो आणि 'कुमार' मागे लटकत राहतो.

तरी वाचक गप्प बसत नाहीत. 1913 साली नाथमाधवांची 'वीरधवल' आली. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीत कड्यावरून पडून त्यांचं कमरेखालचं शरीर अधू झालं, आणि पुढचं लेखन अंथरुणावरच्या वाचनातून उभं राहिलं. जो माणूस उठून चार पावलं चालू शकत नव्हता, त्याने गुप्त भुयारं आणि जीवघेण्या सफरी रचल्या. आजही सत्तरीतले वाचक आमच्याकडे येतात आणि 'वीरधवल' म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. "आठवीत होतो," असं सांगतात. सातवी, आठवी, नववी. वय तेच!

दुसरी वाट आली मद्रासहून. 1947 मध्ये नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' काढलं. 1952 मध्ये त्याची मराठी आवृत्ती 'चांदोबा' सुरू झाली. विक्रम आणि वेताळ सगळ्यांना आठवतात, शंकर यांच्या चित्रांसकट. पण त्यात क्रमशः चालणाऱ्या लांब मालिकाही असत. मांत्रिक, अज्ञात बेटं, विचित्र प्राणी, आणि दर महिन्याला नायक संकटात असताना थांबणारं प्रकरण. त्यातल्या कितीतरी मालिका दासरी सुब्रह्मण्यम या तेलुगू लेखकाच्या होत्या. लेखकाचं नाव छापलं जात नसे. म्हणजे आपल्या कित्येक पिढ्यांनी एका तेलुगू माणसाची कल्पनासृष्टी मराठीत वाचली आणि तो कोण हे त्यांना कळलंही नाही. पुढचा अंक कधी येतो याची जी ओढ, तीच पुढे हॅरी पॉटरच्या पुढच्या भागासाठी रांगेत उभी राहिली.

तिसरी वाट विज्ञानाची. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, आपला फास्टर फेणे, उभा केला. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. स्वतःच्या नावाचा दबाव नको म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतलं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. 1979 मध्ये त्यांचा कथासंग्रह आला, त्याचं नाव 'यक्षांची देणगी'. विज्ञानाच्या पुस्तकावर यक्ष! विज्ञानकथेला आपल्याकडे मान मिळाला, कारण ती 'उपयोगी' होती, मुलं त्यातून काहीतरी शिकत. निव्वळ अद्भुताला मात्र ते प्रशस्तिपत्र मिळालं नाही. नारायण धारपांची पुस्तकं दप्तरात लपवून वाचलेली माणसं या सभागृहातही असतील.

आता थोडं बाहेर बघू, कारण ज्या पुस्तकांची मागणी आमच्या टेबलावर येते ती बाहेर तयार झाली. 1936 मध्ये लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे टोल्कीन यांच्या 'हॉबिट'चं हस्तलिखित आलं. त्यांनी ते स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं आणि अहवाल लिहिण्याबद्दल त्याला एक शिलिंग दिला. त्याचा होकार आला आणि 1937 मध्ये पुस्तक निघालं. अमेरिकेत 1967 च्या सुमारास हर्मन शाइन या छोट्या प्रकाशकाने अर्सुला ले ग्विन यांना सांगितलं, की थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा. अकराच्या पुढची मुलं, म्हणजे नेमका आपला रिकामा कप्पा. त्यातून 1968 मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. त्यात जादूगारांची शाळा आहे, हॅरी पॉटरच्या एकोणतीस वर्षं आधी. नायक गोरा नाही, तांबूस-सावळा आहे. आणि जादू चालते ती वस्तूचं खरं नाव माहीत असण्यावर. मंत्राची कल्पना ज्या घरात आजीकडून आली आहे, त्या मुलाला हे परकं वाटणार नाही.

फरक कुठे पडला ते लक्षात घ्या. त्यांच्याकडे कल्पनाशक्ती जास्त होती असं नाही. कोणीतरी त्या वयाला वेगळं वय मानलं, त्या वयासाठी लेखकाकडे पुस्तक मागितलं, आणि निदान एकदा तरी मुलालाच विचारलं.

मराठीत हॅरी पॉटर आला तेव्हा पहिल्या भागाचं नाव ठेवलं 'हॅरी पॉटर आणि परीस'. तिकडच्या किमयागारांच्या दगडाला आपल्याकडे शब्द शोधावा लागला नाही. लोखंडाचं सोनं करणारा परीस संतांच्या काळापासून भाषेत होताच. हे नाव वाचलं की आम्हाला वाटतं, सामान सगळं घरात आहे. कप्पा तेवढा लावायचा राहिलाय.

मग त्या आईला काय सांगायचं? इतिहासातून आम्ही तीन गोष्टी उचलल्या आहेत.

पहिली, मुलाशी बोला, मुलाविषयी नको. "तसलंच" म्हणजे नेमकं काय, हे त्यालाच माहीत असतं. कोणाला शाळा आणि मित्र आवडलेले असतात, कोणाला जादूचे नियम, कोणाला नकाशे, कोणाला नुसती भीती. मित्र आवडले असतील तर फास्टर फेणेसुद्धा चालतो, जादू नसली तरी. नियम आवडले असतील तर ले ग्विन. भीती हवी असेल तर धारप, आई-वडिलांनी आधी चाळून.

दुसरी, मालिका द्या. नाथमाधव असोत, चांदोबा असो, या वयाला एका जगात मुक्काम करायचा असतो.

तिसरी, 'नवीन' या शब्दाला फार घाबरू नका. चौदा वर्षांच्या वाचकाला 1861 चं पुस्तकही नवीनच असतं, भाषा झेपली तर. भाषा झेपत नसेल तर पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर 1971 पासून निघतंय. जुने अंक मिळाले तर त्याला त्यात एकट्याला सोडा. सगळं अद्भुत नाही, पण स्वतः शोधलेली गोष्ट आपण दिलेल्या गोष्टीपेक्षा जास्त गोड लागते.

आणि एक गोष्ट आमच्यासाठी. गेल्या वर्षी आम्ही तो मधला कप्पा लावला. वर 'कुमार' अशी चिठ्ठी डकवली. त्यात नाथमाधव आहेत, अरबी गोष्टी आहेत, परीस आहे, इंग्रजी पुस्तकंही आहेत. इंग्रजी मुद्दाम ठेवली, कारण मूल ज्या दाराने आत येईल ते दार उघडं हवं. कोणतं पुस्तक ठेवायचं हे ठरवायला तीन मुलं बसतात. त्यांनी आमची दोन आवडती पुस्तकं बाहेर काढली. वाईट वाटलं, पण काढली.

ज्या मुलीला आम्ही चुकीचं पुस्तक दिलं होतं, ती अजून आलेली नाही. आईला आम्ही निरोप दिला आहे.

एवढं बोलून थांबतो. तुमच्यापैकी कोणी चौदाव्या वर्षी काय वाचलं होतं, ते आम्हाला जरूर कळवा. कप्प्यात अजून जागा आहे.